तारा जास्तीत जास्त किती जड होऊ शकतो? (भाचीने अडवलंय, मदत करा)

गच्चीवरचे_पंत | रविवार, रात्री ११.४०

मंडळी, काल भाचीला घेऊन पानशेतच्या अलीकडे मित्राच्या शेतावर गेलो होतो. धायरीच्या गच्चीवरून हल्ली मृग दिसला तरी नशीब. सोसायटीने टाकीवर एलईडीचा असा झोत बसवलाय की तिथे विमान उतरवायचं असावं. शेतावर मात्र अस्सल काळोख होता. आठ इंची दुर्बीण लावली आणि व्याधाच्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जी फिकट चांदण्यांची उभी रेघ आहे, तिच्या मधोमध नेली. राखाडी धुराचा पंख पसरल्यासारखा तेजोमेघ आणि त्याच्या पोटात एकमेकांना खेटून चार टाचण्या. पोरगी पाच मिनिटं डोळा काढेना.

मी शहाणपणा केला. म्हटलं, त्या चारातला सगळ्यात ठळक आहे ना, थीटा-१ सी, तो एकटा तीसेक सूर्यांच्या वजनाचा आहे. सातवीतली पोर. लगेच म्हणाली, "मग शंभर सूर्यांचा का नाही? हजारचा का नाही? कोण थांबवतं त्याला?" मी थर्मासमधला चहा ओतण्यात गर्क झाल्याचं नाटक केलं.

आज दिवसभर नेटवर वाचलं आणि होतो त्याहून गोंधळलो. एकीकडे मर्यादा १५० सूर्य, दुसरीकडे २६५ सूर्यांचा तारा सापडल्याची बातमी, तिसरीकडे चंद्रशेखर मर्यादा १.४. मर्यादा १.४ असेल तर मृगात तीस कुठून आले? सातवीतल्या मुलीला सांगता येईल असं कुणी सांगेल का? पुढच्या शुक्रवारी ती परत येणार आहे.

मिसळ_कमी_तिखट | रविवार, रात्री ११.५८

सगळ्यात मोठा तारा काक्षी ना? परवाच एका रीलमध्ये पाहिलं, सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वी गिळून पुढे जाईल म्हणे. मग तीस सूर्यांचं काय कौतुक?

सुधामावशी | सोमवार, सकाळी ६.५०

पंत, धागा चांगला काढलात. तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलंय, त्यामुळे आधी पाटी पुसून घेते. दोन घोटाळे एकात एक अडकलेत.

पहिला मिसळरावांचा. मोठा आणि जड यांत फरक आहे. काक्षी व्यासाने सूर्याच्या सातशेपट वगैरे आहे, पण वजनाने पंधरा-वीस सूर्यांच्या आसपास. म्हातारपणी सुटलेलं पोट आहे ते. बाहेरचे थर इतके विरळ की आपल्या हवेपेक्षाही पातळ. उलट सगळ्यात जड म्हणून ज्याचं नाव घेतात तो आर-१३६-ए-१ व्यासाने सूर्याच्या तीस-चाळीसपटच आहे. कापसाचं पोतं आणि वरवंटा, एवढं सांगितलं की पोरांना कळतं.

दुसरा १.४ चा. चंद्रशेखर मर्यादा जिवंत ताऱ्याची नाही हो. ताऱ्याचं इंधन संपल्यावर जो श्वेत बटू उरतो, त्याला इलेक्ट्रॉनांचा दाब कुठवर सावरू शकेल, त्याची ती मर्यादा. जळणाऱ्या ताऱ्याला ती लागू नाही. तुम्हाला हवी ती मर्यादा एडिंग्टन या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाच्या नावाची आहे. गंमत म्हणजे जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या सभेत तरुण चंद्रशेखरांच्या सिद्धांताची भर सभेत टर उडवणारे ते हेच एडिंग्टन. त्या वादात ते चुकले. पण ताऱ्याच्या प्रकाशाचा दाब मोजण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

बाकीचं दुपारी. मोलकरीण आली.

निवृत्त_फोरमन | सोमवार, सकाळी ९.१०

माझी हयात भोसरीत ओतकामाच्या भट्टीपाशी गेली. तारा म्हणजे भट्टी असं धरलं तर माल जितका टाकाल तितकी ती तापेल, मोठी होईल. भट्टीला मर्यादा येते ती विटांच्या अस्तरामुळे. ताऱ्याला अस्तरच नाही, मग अडवतंय कोण?

सुधामावशी | सोमवार, दुपारी २.२०

फोरमनसाहेब, अगदी नेमकं बोट ठेवलंत. अस्तर नाही म्हणूनच मर्यादा येते!

प्रकाशाला वजन नाही, पण तो ढकलतो. तुमच्या-माझ्या अंगावर पडणाऱ्या उन्हाचा धक्का इतका किरकोळ की जाणवत नाही. ताऱ्याच्या आत मात्र हाच धक्का इलेक्ट्रॉनांना बाहेर रेटत असतो आणि गुरुत्व सगळं आत ओढत असतं. ओढ वाढते वजनाच्या प्रमाणात. दुप्पट वजन, दुप्पट ओढ. प्रकाश मात्र त्या हिशेबाने वाढत नाही. सूर्यासारख्या ताऱ्यांत वजन दुप्पट झालं की प्रकाश दहा-अकरापट होतो. म्हणजे ताऱ्याचं वजन वाढतं तसं ढकलणारा हात ओढणाऱ्या हातापेक्षा भराभर बळकट होत जातो. दोन्ही बरोबरीला आले की ती एडिंग्टन मर्यादा. सूर्याच्या वजनाच्या ताऱ्यासाठी ती सूर्यप्रकाशाच्या सुमारे ३३ हजारपट येते. आपला सूर्य त्या मर्यादेच्या ३३ हजाराव्या भागावर निवांत आहे.

शंकासुर | सोमवार, दुपारी ४.०५

मावशी, कागद-पेन घेऊन बसलो. प्रकाश वजनाच्या साडेतीनाव्या घाताने वाढतो आणि ओढ पहिल्या घाताने, म्हणजे त्यांचं गुणोत्तर अडीचाव्या घाताने. ३३ हजाराचं अडीचावं मूळ काढलं तर ६४ येतं. म्हणजे ६४ सूर्यांपुढे तारा नाही! मग १५० आणि २६५ च्या बातम्या कुणी सोडल्या? खगोलवाल्यांचे आकडे म्हणजे पेठेतल्या जागेचे भाव, विचाराल त्या दिवशी वेगळे.

सुधामावशी | सोमवार, सायंकाळी ७.३०

शंकासुर, माझ्या वर्गात असतात तर दहापैकी आठ दिले असते. गणित बरोबर आहे, दोन गुण गृहीतकाचे गेले.

साडेतीनावा घात वरपर्यंत टिकत नाही. तारा खूप जड झाला की त्याला आतून तोलून धरण्याचं काम मुख्यत्वे प्रकाशाचाच दाब करू लागतो, वायूचा दाब मागे पडतो. तिथे प्रकाश जवळपास वजनाच्याच प्रमाणात वाढायला लागतो. म्हणजे तारा मर्यादेच्या जवळ जवळ सरकत राहतो, पण धाडकन आपटत नाही. आर-१३६-ए-१ घ्या. प्रकाश सूर्याच्या सुमारे ४७ लाखपट, वजन २०० सूर्य धरा. भागाकार केला तर एका सूर्याच्या वजनामागे साडेतेवीस हजार सूर्यप्रकाश. मर्यादा ३३ हजार. दोन तृतीयांशाच्या पुढे गेलाय, पण फुटलेला नाही.

मात्र इतक्या काठावर उभं राहण्याची किंमत मोजावी लागते. असा तारा सेकंदाला दोन-अडीच हजार किलोमीटर वेगाने स्वतःचंच अंग बाहेर उधळत असतो. आर-१३६-ए-१ साठी हे उधळणं लाखभर वर्षांत काही सूर्य जातील इतकं. आज दिसतो त्यापेक्षा तो जन्मतः बराच जड होता, तो त्यामुळेच.

ज्यांना काठावरच्या ताऱ्याचा तोल जाताना पाहायचाय त्यांनी ईटा कॅरिने पाहावा. अगस्त्य ज्या नौकेत आहे तिथेच, पण बराच पूर्वेला. १८४३ मध्ये तो अचानक इतका तेजाळला की आकाशात व्याधाखालोखाल दुसरा क्रमांक त्याचा. त्या काही वर्षांत त्याने दहा सूर्यांहून जास्त माल बाहेर फेकला आणि तरीही तो जिवंत आहे. हे असं का झालं, यावर अजून भांडणं चालू आहेत.

गच्चीवरचे_पंत | सोमवार, रात्री १०.१५

मावशी, नमस्कार स्वीकारा. ईटा कॅरिने आपल्याकडून दिसतो का हो?

रेडिओवाली | सोमवार, रात्री ११.३०

पंतकाका, दिसतो. पुण्यातून तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम ११-१२ अंश वर येतो. या दिवसांत रात्री अडीचच्या पुढे-मागे, एप्रिलात नऊ-साडेनऊच्या सुमारास. दक्षिणेला डोंगर किंवा सोसायटी नको. साध्या द्विनेत्रीतून भोवतीच्या तेजोमेघाचा धूसर डाग कळतो. आर-१३६ मात्र विसरा. तो ज्यात आहे तो टॅरंटुला तेजोमेघ, मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेतला, इथून क्षितिजालाच घासतो, आणि तिथे कायम धुरळा असतो.

मी पीएचडी करतेय, ताऱ्यांच्या जन्मजागांच्या रेडिओ निरीक्षणांवर. मावशींनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, पण भाचीचा प्रश्न त्याच्याही अगोदर अडतो. तारा तयार झाल्यावर फुटेल का, हा नंतरचा प्रश्न. मुळात तो इतका जड होतोच कसा? कारण जन्माच्या वेळी अडथळा इलेक्ट्रॉनांचा नसतो, धुळीचा असतो.

तारे जन्मतात त्या ढगांत वजनाने शंभरात एक भाग धूळ असते. काजळीइतके बारीक कण. पण प्रकाश अडवण्यात ही धूळ पटाईत, इलेक्ट्रॉनांच्या कितीतरी पट. त्यामुळे ढकलणारा हात जिंकायला ६४ किंवा १५० सूर्यांची वाट पाहावी लागत नाही. वीसेक सूर्यांच्या ताऱ्याचा प्रकाशसुद्धा भोवतीची धूळ आणि तिच्यासकट वायू बाहेर ढकलायला पुरतो. १९७० च्या दशकात लोकांनी ही गणितं मांडली आणि डोक्याला हात लावला. चारी बाजूंनी सारखा माल पडतोय असं धरलं तर चाळीसेक सूर्यांच्या पुढे तारा वाढायलाच नको. आणि आकाशात तर ते दिसत होते!

मिसळ_कमी_तिखट | मंगळवार, सकाळी ८.२०

हे तर रोज स्वारगेटला बघतो. बस आली की आतले उतरणारे दारातून रेटतात आणि बाहेरचे चढणारे आत रेटतात. आतली गर्दी जास्त असेल तर चढणारा मागे फुटपाथवर.

रेडिओवाली | मंगळवार, सकाळी ८.४५

मिसळदादा, तुम्ही गंमत केलीत, पण उत्तर तिथेच आहे. बसला दोन दारं असतात ना? उतरणारे पुढच्या दाराने गेले की मागच्या दाराने चढता येतं. ताऱ्याचंही तसंच.

ढग थोडा तरी फिरत असतो. आकसताना फिरणं वाढतं आणि माल सरळ ताऱ्यावर न पडता भोवती चकतीत जमतो, डोशासारखा पसरून. चकती जाड आणि धुळकट, तिच्यातून प्रकाश जाईना. म्हणून प्रकाश सोपी वाट धरतो, वर आणि खाली, दोन्ही ध्रुवांकडून. तिथला वायू बाळताऱ्याच्या ध्रुवांकडून सुटणाऱ्या फवाऱ्यांनी आधीच साफ झालेला असतो. प्रकाश ध्रुवांवरून बाहेर, माल विषुववृत्तावरून आत. चकतीच्या आतल्या कडेला धूळ तापून जळून जाते, दीडेक हजार अंशांच्या पुढे ती टिकत नाही, आणि पुढे उरलेला नुसता वायू प्रकाशाला फारसा अडवत नाही.

ही नुसती कल्पना नाही. चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी जड बाळताऱ्यांभोवती फिरत्या चकत्या पाहिल्यात. २०२३ मध्ये तर आपल्या दीर्घिकेबाहेर, मोठ्या मॅगेलन मेघातल्या एका ताऱ्याभोवतीही सापडली.

निवृत्त_फोरमन | मंगळवार, सकाळी ११.००

ताई, दोन दारांचं पटलं. पण दारात सुद्धा सगळं शिस्तीत होतं का? आमच्या भट्टीत वारा आणि माल समोरासमोर आले की मधेच बोगदे पडायचे. एका जागी झोत निसटायचा, शेजारी माल ढासळायचा.

रेडिओवाली | मंगळवार, रात्री ९.१५

काका, तुम्ही आमच्या चर्चासत्रात येऊन बसा खरंच. नेमका हाच वाद आहे.

२००९ मध्ये क्रुमहोल्झ आणि सहकाऱ्यांनी संगणकावर १०० सूर्यांचा ढग कोसळवून पाहिला, तिन्ही मितींत. त्यांना दिसलं ते असं: प्रकाशाने फुगवलेल्या बुडबुड्यांवर जड वायूचा थर तोलला राहत नाही, तो बोटाबोटांनी खाली ओघळतो आणि प्रकाश त्या बोटांच्या मधल्या फटींतून निसटतो. शिवाय चकती फुटून त्यांच्या हिशेबात एकाच्या जागी दोन जड तारे तयार झाले, एक साधारण ४२ सूर्यांचा आणि दुसरा २९ चा. पुढच्याच वर्षी कुइपर आणि मंडळींनी वेगळ्या पद्धतीने गणित केलं. ते म्हणाले, बोटं-बिटं काही लागत नाहीत, ताऱ्याचा थेट प्रकाश नीट मोजला तर बुडबुडा टिकतो आणि चकती एकटी पुरते. त्यांचा तारा तर १४० सूर्यांच्या घरात पोचला. म्हणजे तारा वाढू शकतो यावर एकमत, बोटांवर भांडण.

निवृत्त_फोरमन | मंगळवार, रात्री ९.५०

बोटं मी रोज पाहिलीत. आमच्या बाल्कनीचा स्लॅब पाझरतो. पावसाळ्यात खालच्या अंगाला ओल धरते तेव्हा आधी सपाट पापुद्रा असतो, मग त्याला फुगवटे येतात, मग ठरावीक अंतरावर थेंब लोंबायला लागतात आणि मध्ये कोरडं. पाणी जड, खालची हवा हलकी. एकसारखं खाली येतच नाही. वॉटरप्रूफिंगवाला दोनदा पैसे घेऊन गेला, थेंब त्याच जागी.

रेडिओवाली | मंगळवार, रात्री ९.५८

हीच ती रॅले-टेलर अस्थिरता! काका, फोटो असेल तर टाका, मला प्रेझेंटेशनला हवाय. तुमचं नाव घालीन.

शंकासुर | बुधवार, सकाळी १०.३०

सगळं छान चाललंय, पण एक विचारू? हे वजन करतं कोण? तराजू कुठाय? हजारो प्रकाशवर्षांवरच्या ठिपक्याकडे बघून "हा २६५ सूर्य" म्हणायचं आणि आम्ही माना डोलवायच्या.

सुधामावशी | बुधवार, दुपारी १.१०

शंका रास्त आहे, आणि यावेळी पैकीच्या पैकी.

खरा तराजू एकच, जोडतारे. दोघे एकमेकांभोवती फिरत असतील तर फिरण्याचा वेग आणि काळ यांवरून वजन निघतं, तिथे अंदाजाला फारशी जागा नाही. एनजीसी ३६०३ या गुच्छातल्या ए-१ नावाच्या जोडीचं असं वजन केलं तेव्हा थोरल्याचं ११६ सूर्यांच्या आसपास आलं. त्यातही वर-खाली तीसचा फरक धरायचा. जोडीदार नसेल तर प्रकाश मोजायचा, वर्णपट पाहायचा आणि ताऱ्याच्या गणिती प्रतिकृतीला विचारायचं की एवढ्या प्रकाशाला किती वजन लागेल. आर-१३६-ए-१ चं वजन या दुसऱ्या मार्गाचं.

आणि आता त्याची गोष्ट ऐका. १९८१ मध्ये काही जणांनी लिहिलं की टॅरंटुलाच्या मधला आर-१३६-ए हा एकच तारा असावा, अडीच हजार सूर्यांचा! किती गाजावाजा झाला. १९८५ मध्ये दोन जर्मन मंडळींनी वातावरणाची थरथर गाळून टाकणाऱ्या नव्या पद्धतीने तोच ठिपका पाहिला आणि त्याचे आठ ठिपके झाले. एक राक्षस नव्हताच, चाळ होती. ए-१ हा त्या चाळीतला एक भाडेकरू. २०१० मध्ये त्याचं वजन २६५ निघालं, जन्मतः ३२० असावं म्हणाले. २०२२ मध्ये चिलीतल्या जेमिनी दुर्बिणीने आणखी सुटं करून पाहिलं, तर २६५ चे १९६ च्या आसपास झाले. का? शेजाऱ्यांचा प्रकाश याच्या नावावर पडला होता.

म्हणून शंकासुर, पेठेतल्या भावांसारखं नाही हे. भाव वाढतातच, हा आकडा मधे वर-खाली झाला तरी एकंदरीत उतरत आलाय.

शंकासुर | बुधवार, दुपारी १.२५

अडीच हजार ते १९६. बरं झालं विचारलं. आणि ते १५० कुठून आलं मग?

रेडिओवाली | बुधवार, रात्री ८.००

ते एक सरळसाधं शिरगणतीचं काम होतं, मला फार आवडतं. लहान तारे ढीगभर, मोठे कमी, आणखी मोठे अगदीच कमी, हे प्रमाण साधारण ठरलेलं आहे. १९५५ मध्ये सॅलपीटरने मांडलं. आपल्या दीर्घिकेच्या केंद्राजवळ आर्चेस नावाचा भरगच्च तरुण गुच्छ आहे. फायगरने २००५ मध्ये तिथली गणती केली. प्रमाण वरपर्यंत तसंच चालू राहिलं असतं तर १५० सूर्यांच्या वरचे तारे तिथे दिसायलाच हवे होते. एकही नव्हता. म्हणून १५०.

मग आर-१३६ मध्ये त्यावरचे कसे? एक म्हणणं असं की आर्चेसमधले सगळ्यात जड तारे आपण पोचेपर्यंत मेलेच असतील. हे तारे जेमतेम तीस लाख वर्षं जगतात, सूर्य हजार कोटी वर्षं चालणार त्यापुढे काहीच नाही. दुसरं म्हणणं मला जास्त पटतं: जड तारे बहुधा जोडीनेच राहतात. २०१२ च्या एका पाहणीत सत्तर टक्क्यांहून जास्त जड तारे आयुष्यात कधीतरी जोडीदाराशी देवाणघेवाण करतात असं निघालं, आणि बऱ्याच जोड्या चक्क एकजीव होतात. ८० आणि १२० चे दोघे एकमेकांत गेले की दोनशेच्या घरातला तारा तयार, धूळ नाही, चकती नाही, प्रकाशाशी झगडा नाही.

मिसळ_कमी_तिखट | बुधवार, रात्री ८.१०

म्हणजे बस भरली म्हणून दोन बस एकमेकींना वेल्डिंग करायच्या.

सुधामावशी | बुधवार, रात्री ८.४०

एक राहिलं. धूळच नसेल तर? विश्वातल्या पहिल्या ताऱ्यांच्या वेळी कार्बन, सिलिकॉन, लोह काही तयारच झालं नव्हतं. फक्त हायड्रोजन आणि हेलियम. धूळ नाही आणि ढग थंड करायला धड काही नाही, म्हणून ढगाचे तुकडे मोठे पडले आणि तारे जड झाले असावेत, शंभर सूर्यांच्या मापाचे. पण तेही फार फुगत नसावेत, कारण त्यांचा स्वतःचा अतिनील प्रकाश चकतीच उडवून लावतो. यातला एकही तारा अजून थेट पाहिलेला नाही, हे पंतांनी पोरीला नक्की सांगावं.

गच्चीवरचे_पंत | गुरुवार, रात्री १०.३०

आज फोनवरच बहिणीच्या पोरीला बस समजावली. पुढच्या दाराने प्रकाश उतरतो, मागच्याने वायू चढतो, वगैरे. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण मामा, बस भरली हे ठरवतं कोण? ड्रायव्हर की कंडक्टर?"

पुन्हा चहा ओतायला उठलो.

रेडिओवाली | गुरुवार, रात्री ११.४५

काका, तिला माझ्याकडे पाठवा, तीन वर्षांत पीएचडी करून देते.

तिचा प्रश्न खरंच अवघड आहे. बहुतेक वेळा दोघंही नाही, रांगच संपते. हिशेब बघा. आपल्या सूर्यासारखा तारा जन्मताना वर्षाला सूर्याचा काही लाखावा भाग एवढाच माल घेत असावा. जड तारा घेतो हजारावा किंवा दहा हजारावा भाग. हजाराव्या भागाने शंभर सूर्य व्हायला एक लाख वर्षं. आणि इतक्या घाईत तो पिकेपर्यंत थांबत नाही, जेवता जेवताच त्याचा हायड्रोजन पेटतो. सूर्याला मात्र तिथे पोचायला काही कोटी वर्षं लागली. पेटल्यावर त्याचा अतिनील प्रकाश भोवतीच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन उडवतो, तो वायू दहा हजार अंशांपर्यंत तापून फुगतो आणि ढगच उधळायला लागतो. स्वतःचाही आणि शेजाऱ्याचाही. त्यामुळे ज्याने आधी खाऊन घेतलं त्याचं पोट भरलं, बाकीचे अर्धपोटी. तुम्ही दाखवलेल्या चार टाचण्यांत सी-ने तेच केलंय, त्या पंखाचा उजेड मुख्यत्वे त्याचाच आहे.

तरी दोन पंथ आहेतच. एक म्हणतो प्रत्येक जड ताऱ्याचं ताट आधीच वाढलेलं असतं, आपापल्या घट्ट ढगाच्या गाठीत. दुसरा म्हणतो ताट-बिट काही नाही, पंगत आहे. गुच्छाच्या मध्यावर बसलेल्याला वाढप्या जास्त वेळा भेटतो. मी पंगतवाली. माझे गाईड ताटवाले. त्यामुळे प्रबंध कधी संपेल विचारू नका.

आणि खाणं एकसारखंही नसतं. २०१५-१६ च्या सुमाराला मृगाच्या वरच्या अंगाला, एस-२५५ नावाच्या ढगात, वीसेक सूर्यांचा एक बाळतारा एकाएकी अवरक्त प्रकाशात झळाळला. चकतीतला मोठा घास एकदम गिळला होता. मिथेनॉलचे रेडिओ संदेश वाढले म्हणून आधी कळलं. दृश्य प्रकाशात तिथे निव्वळ काळोख.

निवृत्त_फोरमन | शुक्रवार, सकाळी ७.३०

मिथेनॉल म्हणजे स्पिरिट ना? आकाशात?

रेडिओवाली | शुक्रवार, सकाळी ९.००

हो, तेच विषारी. धुळीच्या कणांवर बर्फात तयार होतं आणि तारा तापला की बर्फ उडून वायूत मिसळतं. खास ६.७ गिगाहर्ट्झवर ते जड बाळताऱ्यांपाशीच ठळकपणे चमकतं, म्हणून आम्हाला पत्त्यासारखं उपयोगी पडतं. आपली खोडदची रेडिओ दुर्बीण इतक्या वरच्या वारंवारितेला ऐकत नाही, पण जड ताऱ्याने तापवलेला हायड्रोजन तिला छान दिसतो, कारण रेडिओ लहरींना धुळीचं काही वाटत नाही. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, नारायणगावच्या पुढे पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. पंतकाका, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं, शाळांच्या पोरांची जत्रा भरते. भाचीला घेऊन या. पाणी आणि टोपी मात्र घरून आणा, तिथे सावली औषधाला नाही.

गच्चीवरचे_पंत | शनिवार, रात्री १.५०

शेतावरून लिहितोय, रेंज एकच दांडी आहे. पोर जागी आहे. चार टाचण्या पुन्हा पाहिल्या, यावेळी तिला पाचवी दिसली, मला नाही दिसली. दक्षिणेला मित्राच्या आंब्याचं झाड आडवं येतंय, म्हणून दुर्बीण उचलून विहिरीच्या कठड्यापाशी नेतोय. अडीचला ईटा कॅरिने.

सुधामावशी | शनिवार, पहाटे ५.४०

पाचवा तारा आहे तिथे, आठ इंचीत हवा स्थिर असली तर दिसतो. तिच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा. ईटा दिसला का?

गच्चीवरचे_पंत | शनिवार, सकाळी ८.१५

द्विनेत्रीतून डाग दिसला. तारा नेमका कोणता यावर आमचं दोघांचं एकमत नाही.